पेटीवरून कीबोर्डकडे येताना: लॅपटॉप की हार्डवेअर?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गडहिंग्लजकडच्या एका भजनी मंडळात तुम्ही बरीच वर्षं पेटी वाजवताय. आता कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्राने तुम्हाला कीबोर्डवर बसायला बोलावलंय. घरी बऱ्यापैकी लॅपटॉप आहे. मित्र म्हणतात, साधा मिडी कीबोर्ड (नुसत्या कीज, स्वतःचा आवाज नसलेला) घे आणि लॅपटॉपला जोड, लाखाच्या वाद्यात मिळणार नाहीत असले आवाज मिळतील. दुकानदार म्हणतो, कॉम्प्युटरचे खेळ स्टेजवर चालत नाहीत, सरळ हार्डवेअर, म्हणजे आवाज आतच असलेला कीबोर्ड घ्या. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत आणि कमी पडले तर पेटी विकायचीही तयारी आहे. शेवटी तुम्ही हेही विचारलंय की यातलं ‘खरं वाद्य’ कोणतं.

मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आणि राजारामपुरीत एक छोटी रेकॉर्डिंगची खोली चालवतो. त्यामुळे दोन्ही प्रकार रोज हाताखाली असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्या परिस्थितीत हार्डवेअर घ्या, मात्र ज्याला यूएसबीने लॅपटॉप जोडता येतो असंच घ्या. पेटी अजिबात विकू नका. माझी कारणं दुकानदाराच्या कारणांपेक्षा वेगळी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

‘खरं वाद्य’ हा मुद्दा आधी बाजूला करू. ज्याला आपण हार्डवेअर म्हणतो त्या कीबोर्डच्या पोटातही प्रोसेसर, मेमरी आणि सॉफ्टवेअरच असतं. १९८८ साली आलेल्या कोर्ग एम-१ मध्ये आवाजांचे नमुने ठेवायला अवघी ४ एमबी जागा होती आणि त्यातला पियानो जगभरच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजला. म्हणजे तोही एक कॉम्प्युटरच, फक्त त्याला वाजण्याखेरीज दुसरं काम नाही. आणि पेटीचंच बघा. हार्मोनियमचं पेटंट १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये घेतलं गेलं, पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताने भाता मारायची सोय केली. तरीही आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं, कारण तिचे सूर ठरलेले, त्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) नाहीत. आणि आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे ह्याच पेटीच्या साथीने सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले. तेव्हा कोण खरं, कोण खोटं हा वाद या खरेदीत आणू नका.

तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही वाजवणार कुठे, आणि कार्यक्रम चालू असताना काही बिघडलं तर सावरणार कसं? आवाज कुठला चांगला, हे त्याच्यानंतर येतं.

ऑर्केस्ट्राचं काम कसं असतं ते तुम्हाला थोड्याच दिवसांत कळेलच. शाहू स्मारकमध्ये किंवा तशाच एखाद्या हॉलमध्ये कार्यक्रम असला तर साउंड चेकला थोडा वेळ मिळतो. गावच्या जत्रेत तोही नाही. आधीचे सत्कार लांबलेले असतात, साउंडवाला केबल हातात देतो आणि निवेदक पहिल्या गाण्याचं नाव घेतो. अशा वेळी गायिका शेजारी येऊन म्हणते, “आज आवाज बसलाय, काळी पाच नको, काळी चारमध्ये घ्या.” हार्डवेअरवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं बटण बोटाखाली असतं. न बघता दोन वेळा दाबलं, दोन अर्धस्वर खाली आलो. लॅपटॉपवरही हे होतं, पण स्क्रीनवर नेमकी कुठली खिडकी उघडी आहे, माउस कुठे आहे, हे बघावं लागतं. मिडी कीबोर्डवर तशी बटणं आधीच नेमून ठेवली असली तर प्रश्न नाही, मात्र ती नेमायचं काम घरी नीट बसून केलेलं असावं लागतं.

दुसरं म्हणजे टोन बदलणं. एकाच गाण्यात सुरुवातीला व्हायोलिनचा ताफा, पहिल्या पीसला (ओळींमधल्या वाद्यांच्या तुकड्याला) बासरी, दुसऱ्याला अकॉर्डियन, शेवटी शहनाई असं सहज येतं. यामाहावर रजिस्ट्रेशन, रोलँडवर फेव्हरिट, नाव काहीही असो, हे टोन ओळीने लावून ठेवायची आणि एका बोटाने बदलायची सोय हार्डवेअरमध्ये मुळातच दिलेली असते. लॅपटॉपवर हे सगळे टोन आधी मेमरीत भरून ठेवावे लागतात. नाहीतर बासरी उघडेपर्यंत बासरीचा पीस संपलेला असतो.

लाईट जाण्याच्या बाबतीत लॅपटॉप वरचढ आहे, हे दुकानदार सांगणार नाही. जनरेटर मध्येच बंद पडला तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. सेल न घातलेला हार्डवेअर कीबोर्ड बंद होतो, पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो आणि बऱ्याचदा मघाशी लावलेलं ट्रान्सपोज विसरून मूळ पट्टीवर येतो. वीज आल्यावर पहिला सूर लावण्याआधी ट्रान्सपोज बघायची सवय लावून घ्या.

लॅपटॉप अडकतो तो सांध्यांमध्ये. कीबोर्डपासून यूएसबी केबल, मग लॅपटॉप, त्यातलं सॉफ्टवेअर, त्याचा ड्रायव्हर, मग ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधून आवाज बाहेर काढणारी डबी), मग मिक्सर. यातला एकही सांधा निसटला तर आवाज बंद, आणि कुठला निसटला हे अंधारात शोधायचं. चार्जर लावून वाजवलं की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, तो अर्थिंगचा. त्यासाठी ग्राउंड तोडायची सोय असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) लागतो, किंवा चार्जर काढून बॅटरीवर वाजवावं लागतं. हे सगळं जमतं. मोठमोठे कलाकार लॅपटॉपवर कार्यक्रम करतात. पण त्यांच्याबरोबर ते सांभाळणारा वेगळा माणूस असतो आणि तयार ठेवलेला दुसरा लॅपटॉपही.

आपल्या भागातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुमचा रोलँड किंवा यामाहा ऐनवेळी बंद पडला, तर इथल्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून तसाच कीबोर्ड मागून आणता येतो, पेनड्राइव्हमधले टोन त्यात टाकता येतात, आणि शेजारचा ऑक्टापॅडवालासुद्धा “हे बटण दाब” म्हणून सांगू शकतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये काय कुठे आहे हे मात्र तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. नवीन माणसाला पहिल्या हंगामात ही मदत फार लागते.

आता आवाजाकडे. मित्र म्हणतात ते खोटं नाही. लॅपटॉपवरच्या एका पियानोच्या लायब्ररीत कित्येक जीबीचे नमुने असतात. एकच सूर हळू, मध्यम, जोरात असा निरनिराळा रेकॉर्ड केलेला, पेडल दाबल्यावर घुमणाऱ्या तारांसकट. हेडफोन लावून ऐकलं तर हार्डवेअर त्याच्यापुढे सपाट वाटतं. माझ्या खोलीत गाण्याचं रेकॉर्डिंग असलं की मी लॅपटॉपच वापरतो, कारण तिथे एखादा पीस नंतर दुरुस्त करता येतो आणि गायकाने पट्टी बदलली तरी पुन्हा वाजवावं लागत नाही.

स्टेजवर मात्र तोच भरदार पियानो हरवतो. ढोलकी, ऑक्टापॅड, बेस गिटार आणि वर गायकाचा आवाज, यात पियानोचा खालचा भरणा बेसशी भांडतो आणि साउंडवाला तो कापून टाकतो. उरतं ते जरासं पोकळ. हार्डवेअरमधले टोन बहुतेक वेळा वरच्या अंगाने उजळ आणि थोडे बारीकच ठेवलेले असतात. घरी ते टोचतात, पण मांडवातल्या गर्दीतून नेमके वर येतात. म्हणून दुकानात हेडफोनवर ऐकून टोनचा निकाल लावू नका.

मित्रांनी ‘लेटन्सी’ हा शब्द तुमच्या कानावर घातला असेल. की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा हा उशीर. लॅपटॉप आवाजाचे छोटे छोटे गठ्ठे करून पुढे पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशोबाने १२८ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे जवळजवळ १२. त्यावर इंटरफेसचा आणि यूएसबीचा थोडा वेळ चढतो. आवाज हवेतून एक मीटर जायलाही साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे दहा फुटांवरचा मॉनिटर स्पीकर तुम्हाला ९ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. चांगला इंटरफेस आणि त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिरात पोहोचवणारं सॉफ्टवेअर) असला तर हा उशीर हाताला जाणवत नाही. विंडोजच्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून थेट आवाज काढला तर मात्र तो ठळक जाणवतो. भजनाच्या चढत्या लयीची तुम्हाला सवय आहे, त्यामुळे तुमच्या लगेच लक्षात येईल. म्हणून लॅपटॉपचा खर्च मोजताना इंटरफेसचे पैसे धरल्याशिवाय तुलना करू नका. ‘नुसता मिडी कीबोर्ड स्वस्तात’ हा हिशोब इथेच फसतो.

आता ज्या भागाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला वाटतं सगळं त्यावरच अवलंबून आहे, तो म्हणजे तुमचे हात.

पेटीवर की हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तेवढाच लागतो. लहानमोठेपणा येतो तो डाव्या हाताच्या भात्यातून. कीबोर्डवर हे उलटं होतं. की किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज ठरतो आणि मिडीत, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिच्यात, त्याचे १ ते १२७ असे टप्पे असतात. भजनात आपण पेटी ठोकून वाजवतो, कारण पखवाज आणि टाळांमध्ये बोटांनी लय धरायची असते. तोच हात कीबोर्डवर पडला की प्रत्येक सूर १२७ च्या आसपास जातो आणि व्हायोलिन किंचाळू लागतात. पेटीवरून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं सुरुवातीला हेच होतं. उपाय दोन आहेत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये टच ‘हार्ड’ किंवा ‘हेवी’ करा, म्हणजे पूर्ण आवाजासाठी खरोखर जोर लावावा लागेल. आणि पेटी, ऑर्गन, अकॉर्डियन या टोनना टच बंदच ठेवा, कारण मूळ वाद्यांतही कीच्या वेगाने आवाज बदलत नाही.

भात्याचं काम करणारा डावा हात आता मोकळा झाला. पण भात्यात जी फुंकर घालायची समज होती, सूर फुगवणं, ओळीच्या शेवटी सोडून देणं, ती तुमची कमाई आहे, ती वाया घालवू नका. त्यासाठी एक्स्प्रेशन पेडल घ्या. सूर लांबवणारा सस्टेन पेडल नव्हे. एक्स्प्रेशन पेडल पायाखाली हळूहळू वर-खाली होतो आणि वाजत असलेला सूर लहानमोठा करतो. तुमचा भाता हातातून पायात गेला असं समजा. शहनाई किंवा व्हायोलिन या पेडलशिवाय वाजवली की लगेच कीबोर्ड वाटते, पेडलवर सूर फुलला की ऐकणारा मान वर करतो. स्वस्त कीबोर्डला नुसतं सस्टेनचं भोक असतं, एक्स्प्रेशनचं नसतं, म्हणून मागची बाजू बघूनच घ्या. या पेडलचं वायरिंगही कंपनीगणिक बदलतं, तेव्हा शक्यतो त्याच कंपनीचा पेडल घ्या.

डाव्या हाताला आता पिच बेंडचं, म्हणजे सूर वर-खाली सरकवायचं चाक किंवा लिव्हर येते. पेटीवर जी मींड कधीच निघाली नाही ती इथे निघते, पण ती सुरात काढणं हेच कौशल्य. बहुतेक कीबोर्डवर लिव्हर पूर्ण ढकलली की सूर दोन अर्धस्वर सरकतो, म्हणजे सा वरून शुद्ध रे. कोमल रे वर थांबायचं तर लिव्हर मध्येच धरावी लागते आणि तिथे हात हमखास घसरतो. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना एकच रीत घोटवून घेतो: जिथे पोहोचायचं तो सूर दाबा, लिव्हर आधीच खाली ओढून ठेवा, आणि मग सोडत वर या. लिव्हर स्प्रिंगने आपोआप मधोमध येते, त्यामुळे मुक्कामाचा सूर चुकूच शकत नाही. सा वरून रे ला यायचं तर बोट रे वर, लिव्हर पूर्ण खाली, आवाज सा चा. सोडली की रे. सा वरून ग घ्यायचा असेल तर सेटिंगमध्ये बेंडची मर्यादा चार अर्धस्वर करा. भावगीताच्या पीसमध्ये शहनाईची ही एक मींड नीट लागली की पुढच्या ओळीला टाळी येते, हे मी अनेकदा अनुभवलंय.

ही रीत लॅपटॉपवरही चालते, पण दोन अडचणी येतात. स्वस्त मिडी कीबोर्डवर लिव्हरच्या जागी बोट फिरवायची पट्टी असते, तिच्यावर हे बारीक काम होत नाही. आणि सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक वाद्याची बेंडची मर्यादा वेगळी असू शकते. बासरी दोन अर्धस्वर सरकते, शहनाई बारा, आणि हे कळतं ते वाजवताना. घरी एकेक टोन उघडून ती एकसारखी करून ठेवावी लागते.

‘हार्डवेअर जन्मभर टिकतं’ हे दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. प्रत्येक कीखाली रबराची पट्टी असते आणि तिच्यात कार्बनचे दोन ठिपके. की दाबली की आधी एक टेकतो, मग दुसरा, आणि या दोन टेकण्यांमधल्या वेळावरून कीबोर्ड ओळखतो की तुम्ही किती जोरात दाबलंय. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल आणि धूळ तिथे जाऊन बसते. मग एखादी की वाजतच नाही, किंवा हळू दाबली तरी एकदम ओरडते. असं झालं की की बिघडली म्हणून घाबरू नका, जाणकाराकडून ते ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घेतले की बहुतेक वेळा काम भागतं. मिडी कीबोर्डच्या आतही हीच रचना असते, त्यामुळे या बाबतीत दोन्ही सारखेच. पावसाळ्यात कव्हर घालून ठेवा आणि ओल्या भिंतीला टेकवून उभा करू नका.

सॉफ्टवेअरचं म्हातारपण वेगळ्या तऱ्हेने येतं. २०१९ मध्ये ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरच्या कॅटालिना आवृत्तीने जुन्या पद्धतीचं ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं आणि अनेकांची पैसे देऊन घेतलेली वाद्यं त्या मशीनवर उघडेनाशी झाली. वाद्यात काही बिघाड नव्हता, खालची जमीन बदलली होती. याउलट मिडी १९८३ सालचं आहे आणि त्या काळातला कीबोर्ड योग्य केबल लावून आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतो. म्हणूनच मी यूएसबी जोडणी असलेलं हार्डवेअर घ्या म्हणतोय. आज तो स्टेजवर तुमचं पूर्ण वाद्य असेल. उद्या रेकॉर्डिंग करावंसं वाटलं तर त्याच्याच कीज, तीच लिव्हर, तोच पेडल लॅपटॉपमधली वाद्यं वाजवील, वेगळा मिडी कीबोर्ड घ्यायची गरज नाही. उलट दिशेने असं होत नाही. नुसता मिडी कीबोर्ड लॅपटॉपशिवाय मुका असतो.

हे उत्तर कोणत्या परिस्थितीत बदलेल तेही सांगतो. तुम्ही स्टेजवर जाणारच नसता आणि घरी बसून चाली बांधणं, शॉर्ट फिल्मला पार्श्वसंगीत देणं असं काम असतं, तर मी डोळे झाकून लॅपटॉप सांगितला असता. ऑर्केस्ट्राकडे स्वतःचा कीबोर्ड असेल आणि तुम्हाला फक्त वाजवायला बसायचं असेल, तर तुमचे पैसे सरावासाठी आणि पेडलसाठी वापरा, मोठी खरेदी पुढे ढकला. एकट्याने भक्तिगीतांचे कार्यक्रम करायचे असतील तर ताल आपोआप वाजवणारा अरेंजर पाहिजे. यामाहाचा पीएसआर-आय५०० भारतीय ताल आणि टोन देऊनच बनवला आहे. ताल वाजवणारे सोबत असतील तर तालाच्या सोयीवर पैसे घालवू नका, रोलँड एक्सपीएस-१० सारखा टोनवर भर देणारा कीबोर्ड बघा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात तो खूप दिसतो, म्हणजे मघाशी म्हटलेली मदतही मिळते. भाव सतत बदलतात, दोनतीन दुकानांत विचारा.

लॅपटॉपवर चोरीच्या लायब्ररी टाकून देणारे भेटतील. घेऊ नका. दुसऱ्याने रात्रंदिवस खपून टिपलेला आवाज फुकट उचलून आपण आपल्या वाजवण्याचे पैसे मागायचे, हे मला पटत नाही. शिवाय मोडतोड केलेलं सॉफ्टवेअर कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो. फुकटात मिळणारी कायदेशीर वाद्यंही आता भरपूर आहेत, शिकायला ती पुरतात.

पेटी ठेवा म्हणालो, कारण तुमचा कान तिच्यावर तयार झालाय. कीबोर्डवर टोनच्या झगमगाटात सूर ऐकणं कमी होतं. नवीन गाणं बसवताना आधी पेटीवर बसवा, मग कीबोर्डवर न्या.

दुकानात जाताना पुढच्या गोष्टी करा. पियानोचा टोन लावून एकच की शक्य तितक्या हळू, मग थोडी जास्त, मग जोरात अशी वाजवा. आवाज पायऱ्यांनी उडी मारता कामा नये, चढत गेला पाहिजे. मग सगळ्या ६१ कीज हळू दाबून ओळीने वाजवा. जुना कीबोर्ड असेल तर ही परीक्षा चुकवू नका, मेलेली किंवा ओरडणारी की इथेच सापडते. मागे एक्स्प्रेशनचं भोक, लॅपटॉपला जोडायचं यूएसबी आणि हेडफोनपेक्षा वेगळं, मिक्सरला जोडायचं लाईन आउट आहे का ते बघा. शेवटी शहनाईचा टोन लावा, मोबाइलवर ट्यूनर चालू ठेवा, एक सूर धरून लिव्हर पूर्ण ओढा आणि झटकन सोडा. चारपाच वेळा करून सुई दरवेळी त्याच जागी येत नसेल, तर भाव कितीही उतरवून दिला तरी तो कीबोर्ड घेऊ नका.